गोत बसतें तेव्हां



पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें निघालें म्हणजे खेड-शिवापूर मागें टाकल्यावर थोड्याच वेळांत कापूरहोळ लागतें. येथें वाट फुटते. एक फांटा भोरकडे जातो, दुसरा नारायणपुरावरून सासवडकडे वळतो आणि पूर्वेच्या बाजूस पुरंदरचा डोंगर सोबतीला असतो. मोटारीनें जाणाऱ्या प्रवाशास कापूरहोळ म्हणजे वळणाचें ठिकाण, फार तर चहाचें. इतिहासाच्या वाचकास मात्र हें नांव दुसऱ्या कारणानें ठाऊक असतें. १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. त्यांना आपलें दूध पाजून वाढविणारी धाराऊ ही याच कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरची.

धाराऊची कथा आपण ऐकलेली आहे आणि ती पुनः सांगण्याचा माझा हेतु नाहीं. तिच्या घराण्याच्या नांवामागें जो 'पाटील' हा शब्द लागतो, त्याच्या आधारानें मला आज वेगळ्याच विषयाकडे जावयाचें आहे. आपल्यापैकीं बहुतेकांचा दिवस कचेरींत, शाळेंत, पेढीवर किंवा कारखान्यांत जातो. तेथें कांहीं अडचण उत्पन्न झाली कीं समिती नेमण्याची रीत आहे. समिती बसते, चहा होतो, कार्यवृत्त लिहिलें जातें, आणि अडचण पूर्वी होती तेथेंच स्वस्थ बसून राहते. असें कां होतें? चार शहाणीं माणसें एकत्र आलीं म्हणजे शहाणपणाची बेरीज होते असें आपण गृहीत धरतों. अनुभव पुष्कळदां वजाबाकीचा येतो. ज्या काळीं पुण्याच्या दक्षिणेकडील मावळांत कामाचे, हक्काचे आणि पोटाचे तंटे माणसें एकत्र बसूनच सोडवीत, त्या काळच्या कागदांकडे वळलें तर या प्रश्नावर कांहीं प्रकाश पडतो. त्या बैठकीचें नांव गोतसभा, आणि तिच्या अग्रभागीं गांवचा पाटील असे.

हे तंटे कसले होते हें आधीं सांगितलें पाहिजे. वतन हा शब्द आज आपण केवळ इनामाच्या अर्थानें वापरतों. परंतु वतन म्हणजे मुळांत काम. पाटलाचें काम वसुलाचें व गांव वसविण्याचें, कुलकर्ण्याचें हिशेब ठेवण्याचें, सुताराचें नांगर-पाभर दुरुस्त राखण्याचें, लोहाराचें फाळ शेवटण्याचें, महाराचें गांवचा पहारा आणि शीव राखण्याचें. त्या कामाबद्दल सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा ठरलेला वांटा, म्हणजे बलुतें, मिळावयाचें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांव-गाडा' लिहून या व्यवस्थेचें जें चित्र काढलें, त्यांत तिचे गुण थोडे आणि दोष पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट त्यांतून स्पष्ट दिसते कीं प्रत्येकाचें काम दुसऱ्याच्या कामांत अडकलेलें होतें. सुतारानें हात आंखडला तर पेरणी थांबे. कुणब्यानें बलुतें अडविलें तर सुताराची चूल थंड पडे.

अशा ठिकाणीं दोन भावांत पाटलकी कोणाची, गांव सोडून गेलेला सुतार वीस वर्षांनीं परतला तर वतन त्याचें कीं मधल्या काळांत राबलेल्या दुसऱ्याचें, दोन गांवांमधली शीव ओढ्याच्या अलीकडे कीं पलीकडे, असे प्रश्न उभे राहत. १६३० च्या सुमारास दुष्काळ आणि लढाया यांनीं हा मुलूख उजाड झाला. विजापूरच्या मुरार जगदेवानें पुण्यावर गाढवाचा नांगर फिरविला तो याच काळांत. माणसें परागंदा झालीं, परत आलीं, आणि आपल्या जागीं दुसरा कोणी बसलेला पाहूं लागलीं. तंट्यांना तोटा नव्हता.

सगळेच प्रश्न बैठकीपुढें जात असें मात्र कोणीं समजूं नये. कापूरहोळपासून फार दूर नसलेल्या रांझे गांवच्या बाबाजी बिन भिकाजी गुजर या पाटलानें बदअमल केला, तेव्हां शिवाजीमहाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले. २८ जानेवारी १६४६ चें तें पत्र आपल्याला ठाऊक आहे. तेथें अपराध उघड होता आणि शिक्षा देणें हें राज्याचें काम होतें. परंतु त्याच पत्रांत ती पाटलकी पुढें गुजरांच्याच घराण्यांतील सोनजीकडे सोंपविल्याचें आढळतें. अपराध्याचा निकाल वरून लागला; गांवचें काम ज्या कुळाकडे होतें त्याच कुळांत राहिलें. कोणता प्रश्न हुकमानें सोडवावयाचा आणि कोणता बसून, हा विवेक समितीच्या आधीं लागतो. आपल्याकडे पुष्कळदां उलटें होतें. ज्याला शासन करावयाचें त्याच्यासाठीं समिती नेमली जाते, आणि ज्याविषयीं सर्वांना विचारावयाचें त्याचा हुकूम निघतो.

आतां बैठकीकडे येऊं. तिचीं अंगें दोन: दिवाण आणि गोत. दिवाण म्हणजे राज्याचे अधिकारी, हवालदार, सुभेदार, मजमदार इत्यादि; ठिकाण मोठें असेल तर काझीही. गोत म्हणजे परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या गांवांचे पाटील-कुलकर्णी-चौगुले, पेठ असेल तर शेटे-महाजन, आणि बारा बलुतेदार. येथें गोत या शब्दाचा अर्थ रक्ताचे नातेवाईक असा नाहीं. ज्यांचें काम एकमेकांत गुंतलें आहे ते सर्व एका गोताचे, मग त्यांत जोशी असो कीं मुलाणी. निकालाच्या कागदाला महजर म्हणत. महजराच्या माथ्यावर हजर असलेल्यांचीं नांवें असावयाचीं, आणि शेवटीं त्यांच्या निशाण्या. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू. सुतार, चांभार, न्हावी, कुंभार हेही आपापल्या हत्याराचें किंवा साधनाचें चित्र काढीत. लिहितां येत नव्हतें म्हणून हें केलें, हें तर खरेंच. तरी मला त्यांत आणखी कांहीं दिसतें. निकालावर सही करणारा माणूस स्वतःच्या नुसत्या मताची नव्हे, आपल्या कामाची साक्ष ठेवीत होता. उद्यां तो निकाल चुकीचा ठरला, तर त्याच खळ्यावर, त्याच माणसांत, तेंच हत्यार घेऊन त्याला उभें राहावयाचें होतें.

या सभेच्या कामाची रीत पाहिली म्हणजे तिचें बळ कोठें होतें हें कळतें. वाद बोलण्यास आरंभ होण्यापूर्वींच दोन्ही पक्षांकडून लेख घेतला जाई कीं आपण ही सभा मान्य करतों आणि ती जो निवाडा देईल त्याप्रमाणें वर्तूं. या लेखाचें नांव राजीनामा! आज राजीनामा म्हणजे काम सोडल्याचा कागद. त्या काळीं तो राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा कागद होता. शब्दाचा हा प्रवास मोठा बोलका आहे. राजीनाम्याबरोबर जामीनही द्यावा लागे. मग फिर्याद करणारा अग्रवादी आणि उत्तर देणारा पश्चिमवादी, अशा दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, लिहून घेत. प्रत्येकानें आपल्या घराण्याची हकीकत पहिल्यापासून सांगावयाची, तो करिना. त्यावर पुरसीस, म्हणजे उलट विचारणा. मग कागद, मग साक्षीदार. आणि त्यांनाही शपथ घालून विचारावयाचें. सरतेशेवटीं सभेनें सर्व हकीकतीचा सारांश मांडून निवाडा सांगावयाचा.

एखाद्या पक्षास असें वाटलें कीं आपल्या गांवचें गोत दुसऱ्याच्या दबावाखालीं आहे, तर त्याला परस्थळ मागतां येई. मग तंटा दुसऱ्या गांवच्या थळापुढें, ज्यांना त्या वतनांतून कांहीं मिळावयाचें नाहीं अशा लोकांपुढें जाई. जवळच्या माणसांना माहिती अधिक असते, दूरच्यांना लोभ कमी असतो. या दोहोंपैकीं कशाची गरज आहे हें वादीनें ठरवावयाचें. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

निवाडा झाला म्हणजे जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळे आणि हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेत. आपला वाद खोटा ठरला, यापुढें या वतनाशीं आपला संबंध नाहीं, असें त्यानें स्वतःच्या नांवानें लिहून द्यावयाचें. जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. दोहींकडून दिवाणाची पेटी भरे, हें जातां जातां नमूद करावयास हरकत नाहीं. न्यायदानाची आवड राजांना उगीच नसते. कागदाच्या शेवटीं निवाडा मोडणाऱ्यास शपथ असे, हिंदूंना गाईची, मुसलमानांना डुकराची.

अर्थात् प्रत्येक वेळीं एक खरा आणि एक खोटा असें थोडेंच असतें! जेथें दोघांच्याही बाजूस थोडें थोडें खरें असे, तेथें गोत समजाविशीचा मार्ग काढी. पाटलकी दोन भावांत वांटून द्यावयाची म्हटलें म्हणजे जमीन आणि धान्य वांटणें सोपें. कठीण असतो तो मान. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, विडा आधीं कोणाला, कागदावर नांव वर कोणाचें. आपल्याला हें हास्यास्पद वाटतें. परंतु गोतांतलीं माणसें हंसलीं नाहींत. त्यांनीं एकेक मान वेगळा काढला, मोजला, आणि एकाला पोळा तर दुसऱ्याला होळी अशा रीतीनें वांटणी करून ती लिहून ठेवली. एकत्र काम करणाऱ्या माणसांचीं भांडणें वरून पैशाचीं दिसतात आणि आंतून पुष्कळदां मानाचीं असतात, हें त्यांना पुरतें कळलें होतें. ज्यांनीं एखाद्या मोठ्या कचेरींत खुर्च्यांच्या मांडणीवरून झालेला रुसवा पाहिला आहे, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

आणि तरीही कांहीं तंटे सुटत नसत. साक्षी परस्परविरुद्ध, कागद जळालेले किंवा लुटींत गेलेले. मग दिव्य. उकळत्या तेला-तुपांतून धातूचा रवा काढावयाचा, हाताला पिशवी बांधून त्यावर मोहर करावयाची, आणि ठरल्या दिवशीं सर्वांसमक्ष ती उघडून हात पाहावयाचा. दिव्याचें समर्थन आज कोणी करणार नाहीं, मीही करीत नाहीं. मात्र त्यांत सभेची एक कबुली आहे: माणसाच्या बुद्धीनें जेवढें कळण्यासारखें होतें तेवढें संपलें, यापुढें आम्हांस कळत नाहीं. पांचामुखीं परमेश्वर म्हणणाऱ्या सभेनें स्वतःची मर्यादा अशी उघड मान्य करावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

शिवेच्या तंट्यांत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्याला अस्वस्थ करणारी आहे. गांवची शीव पिढ्यान् पिढ्या महार राखीत आला. कोणता धोंडा कोणाचा हें त्याच्याइतकें कोणासच ठाऊक नसे. म्हणून शिवेच्या वादांत त्याची साक्ष प्रमाण मानीत. क्वचित् त्यालाच शपथ घालून, डोक्यावर गाईचें कातडें देऊन शिवेवरून चालावयास लावीत. तो जेथून चालला ती शीव. दोन गांवांची जमीन ज्याच्या पावलांवर ठरे, त्याला बैठकींत मात्र इतरांपासून दूर बसावें लागे, आणि महजरावर त्याची निशाणी अगदीं तळाशीं. स्त्रियांचीं नांवें तर हजर लोकांत फारच क्वचित् सांपडतात. सभेला ज्याच्या माहितीवांचून चालत नव्हतें, त्याला ती बोलण्याचा अधिकार मोजून-मापून देत होती. म्हणून शिवेखेरीज इतर बाबतींत त्याला काय ठाऊक होतें, तें कागदांवर आलेंच नाहीं. गोतसभेची थोरवी सांगणाऱ्यांनीं हा भाग गाळूं नये.

या मावळांतल्या माणसांनीं एकत्र बसून घेतलेला सर्वांत अवघड निर्णय मात्र कोणत्याही वतनाच्या तंट्याचा नव्हता. १६५९ सालीं अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हां विजापुराहून मावळच्या देशमुखांना फर्मानें आलीं. भोरजवळच्या कारी गांवचे कान्होजी जेधे यांच्या नांवचें फर्मान १६ जून १६५९ चें आहे: खानास सामील व्हावें, न होईल त्याचें वतन जाईल. जेधे घराण्याच्या करिन्यांत पुढची हकीकत आहे. घराण्याचा करिना घराण्याची थोरवी गाणारच, हें ध्यानांत धरूनही ती वाचण्यासारखी आहे. कान्होजी आपल्या पांच पुत्रांसह महाराजांकडे गेले, फर्मान दाखविलें, आणि वतनाच्या भीतीचा विषय निघतांच त्यांनीं वतनावर पाणी सोडलें. त्यानंतर महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनीं बांदल, शिळीमकर, मारणे, ढमाले इत्यादि मावळचे देशमुख जमा केले, आलेला मजकूर सर्वांपुढें ठेवला, आणि एकेकाकडून शपथ घेतली.

येथें क्रम पाहण्यासारखा आहे. कान्होजींनीं आधीं स्वतःचें वतन पणाला लावलें, मग इतरांना बैठकीस बोलाविलें. जमलेल्या देशमुखांत जुनीं वैरें होतीं. शिवेवरून आणि मानावरून कित्येकांचीं रक्तें सांडलेलीं होतीं. तीं वैरें त्या दिवशीं मिटलीं असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांना फक्त एका प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें होतें, आणि तो प्रश्न सर्वांना एकच अर्थानें कळला होता. सगळेच आले असेंही नाहीं. रोहिडखोऱ्यांतलेच खंडोजी खोपडे खानाकडे गेले. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं खान मारला गेला. पुढें खोपडे सांपडले तेव्हां त्यांचा जीव वांचविण्यासाठीं रदबदली केली ती कान्होजींनींच, आणि महाराजांनीं जीव न घेतां एक हात व एक पाय कलम केला. जेधे आणि खोपडे यांचा देशमुखीवरून जुना वाद होता हें कळलें म्हणजे या रदबदलीचें मोल वाढतें.

इतकें सर्व असतांना ही संस्था गेली कां? दोष तिच्या पोटांतच होते. हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेण्यांत निवाडा पक्का होई खरा, पण मन पक्कें होत नसे. आपल्या हातानें आपला खोटेपणा लिहून दिलेल्या माणसाचा मुलगा राज्य बदललें कीं नव्या हाकिमाकडे तोच वाद घेऊन उभा राही. कित्येक वतनांचे कागद चाळले तर एकच तंटा आजा, बाप आणि नातू तिघांनींही मांडलेला आढळतो. जेथें समजावीस झाली, मान वांटले गेले, तेथें वाद उकरण्यास मागें कांहीं उरत नसे. माझ्या मतें गोतसभेचें खरें यश समजाविशींत होतें, आणि यजितखत ही तिची सर्वांत कच्ची बाजू होती. दुसरा दोष दिरंगाईचा. पंचांना वेतन नाहीं, घरचें काम टाकून बसावें लागे, एक आला तर दुसरा नाहीं. मराठी भाषेनें या संस्थेवर जो शेरा मारून ठेवला आहे तो काहीं दयाळू नव्हे: माणूस अडचणींत सांपडला कीं त्याची 'पंचाईत' होते!

पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेची व्यवस्था पाहणाऱ्या एल्फिन्स्टन साहेबानें १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतीचे गुणदोष दोन्ही मांडले आणि ती टिकवावी असा अभिप्राय दिला. तरी ती टिकली नाहीं. पूर्वी मामलेदार किंवा कमाविसदार पंचांना बसवी, साक्षीदारांना आणवी आणि निवाडा अमलांत आणी. दिवाण आणि गोत हीं दोन चाकें होतीं; त्यांपैकीं एक काढून घेतल्यावर दुसरें चालेना. पंचांचा निकाल नापसंत पडला तर पगारी मुनसफाकडे आणि तेथून वर जातां येऊं लागलें. आधीं राजीनामा लिहून देण्यास मग कोण राजी होणार? १८२७ च्या कायद्यानें इंग्रजी धर्तीचीं न्यायालयें स्थिर झालीं आणि पंचायत मागें पडली. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें लवाद न्यायालयांचा प्रयोग करून पाहिला. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ति रानडे यांच्या पिढीचा उत्साह त्यामागें होता, पण तोही फार दिवस पुरला नाहीं.

उरले ते कागद. देशमुखांच्या वाड्यांतले रुमाल सोडून राजवाड्यांनीं ते छापले, भारत इतिहास संशोधक मंडळानें 'शिवचरित्र-साहित्या'च्या खंडांतून शेंकडो महजर उजेडांत आणले, आणि डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं त्यांचा अभ्यास करून लिहिलेला मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा ग्रंथ डेक्कन कॉलेजानें १९५३ सालीं प्रसिद्ध केला. महाराष्ट्र सरकारनें १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गांव मोहीम सुरू केली, तेव्हां गांवचे तंटे गांवांत बसून मिटविण्याची कल्पना पुनः एकदां कागदावर आली. तिच्यासाठीं जी समिती निवडावयाची ती ग्रामसभेनें. आणि ग्रामसभेंत बसण्याचा अधिकार गांवच्या मतदारयादींत नांव असलेल्या प्रत्येकाला आहे, ज्यांची निशाणी महजराच्या तळाशीं असे त्यांच्या वारसांना, आणि ज्यांची निशाणी कोठेंच नसे त्या स्त्रियांनाही.